मत न देता बघणे

डोळे मिटून स्वस्थ बसलेला मराठी माणूस घरात कुणाला बघवत नाही. आधी "बरं वाटत नाहीये का?" अशी चौकशी होते, मग कपाळाला हात लावून पाहिला जातो. ताप नाही असं कळलं की काळजी संपते आणि कामं सुरू होतात. "बसलाच आहेस तर लसूण सोल." झोपलेल्या माणसाला आपल्याकडे मान आहे. दुपारी एक ते चार तर कायद्याने द्यावं तसं संरक्षण आहे. पण जागा असून काही न करणाऱ्याच्या बाजूने कुणीच उभं राहत नाही. त्यातून त्याने "मी ध्यान करतोय" असं सांगितलंच, तर घरचे आवाज खाली आणून एकमेकांना विचारतात, "ऑफिसात काही झालंय का?"

ही शंका बहुतेक वेळा खरी निघते. माणूस सुखासुखी ध्यानाला बसत नाही. मोक्षासाठी बसणारे फार थोडे. बाकीच्यांना बॉस, बदली, बायपास, भावाशी चाललेला फ्लॅटचा वाद आणि पहाटे तीनला टक्क उघडणारे डोळे आणून बसवतात. त्यांची मागणी साधी असते. नको ते विचार जावेत. लिफ्ट बंद आहे, पाणी कमी दाबाने येतंय, डोक्यात विचार येतात, अशा एकाच सुरात ते ही तक्रार नोंदवतात आणि दोन दिवसांत माणूस पाठवाल ना, असं विचारतात.

गंमत अशी की विचार घालवून देण्याचं आश्वासन ध्यान कधीच देत नाही. ते जाहिरातवाले देतात.

विचार घालवायला गेलं की काय होतं, हे डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली तपासलं. विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगितलं आणि एकच बंदी घातली. पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. अस्वल मनात आलंच तर घंटा वाजवायची. घंटा मिनिटाला एकापेक्षा जास्त वेळा वाजत राहिली. पुढे "आता खुशाल अस्वलाचा विचार करा" अशी मुभा दिली, तेव्हा तर या बंदीवाल्यांच्या डोक्यात अस्वलाने मुक्कामच ठोकला. ज्यांना आधी बंदी घातली नव्हती त्यांच्यापेक्षा यांनाच ते जास्त वेळा दिसलं. वेग्नरना अस्वल लागलं, कारण त्यांच्याकडे धुण्याभांड्याला मावशी येत नसाव्यात. "आज मावशी येणार की नाही, याचा पाच मिनिटं विचार करायचा नाही" एवढंच सांगितलं असतं, तर प्रयोगाअखेर घंटा भंगारात द्यावी लागली असती.

मनाचा हा स्वभाव समर्थ रामदासांना अमेरिकेच्या बऱ्याच आधी ठाऊक होता. त्याची समजूत काढायला त्यांनी २०५ श्लोक लिहिले. मन एका सांगण्यात ऐकणारं असतं, तर दहा-पंधरांत काम भागलं असतं.

बरं, घालवायचे नाहीत, नुसतं विचारांच्या सोबतीने बसायचं म्हटलं, तर तेही माणसाला सोसत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवायचं. फोन नाही, पुस्तक नाही. सोबत फक्त एक बटण, ते दाबलं की स्वतःलाच विजेचा झटका बसतो. हा झटका आधी सगळ्यांनी चाखून पाहिला होता आणि 'तो टाळायला आम्ही पैसे मोजू' असं म्हणणाऱ्यांनाच हिशेबात धरलं होतं. त्या पंधरा मिनिटांत १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी बटण दाबलं. एका गृहस्थाने तर १९० वेळा दाबलं. सरासरी काढताना त्याला बाजूला ठेवावं लागलं.

आपल्याकडच्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही. नवऱ्याला मोबाइल आणि टीव्ही काढून घेऊन पंधरा मिनिटं एका जागी बसवा. सहाव्या मिनिटाला तो स्टूल घेऊन माळ्यावर चढलेला असतो आणि तिथलं वायरिंग उघडून बसतो. झटका तिथे बसतोच, फक्त शास्त्रज्ञ हजर नसतात.

असं असतं तरी काय त्या विचारांत? पुस्तकांत 'कठीण भावना' असा भारदस्त उल्लेख असतो. दुःख, भीती, अपराधी वाटणं हे सगळं खरंच येतं, पण एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. वडिलांच्या शेवटच्या आजाराची आठवण येते. तिच्यामागे दवाखान्यात भेटायलाही न आलेला चुलत भाऊ येतो. त्याच्यामागे त्याच्या मुलीच्या लग्नात आपण दिलेलं आहेराचं पाकीट, त्यातली रक्कम, आणि मग त्याने आपल्याकडे दिलेल्या पाकिटातली रक्कम. दुःखापासून निघालेलं मन दोन मिनिटांत वजाबाकीपाशी येऊन पोचतं. डोळे पाणावलेले असतात, ओठ मात्र आकडेमोड करत असतात.

दुसरा मोठा विभाग, न दिलेल्या उत्तरांचा. जाऊबाई कधीकाळी हसत हसत म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे चहा नेहमी असाच पातळ असतो का हो?" त्या क्षणी आपल्या तोंडून "हो ना" असं काहीतरी निघून गेलं. खरं उत्तर सुचलं आंघोळ करताना, आणि तेही काही वर्षांनी. तेव्हापासून त्या उत्तराला रोज धार लावणं चालू आहे. आता ते इतकं तयार झालंय, की जाऊबाईंनी पुन्हा एकदा चहाला नाव ठेवावं म्हणून नवस बोलायची वेळ आली आहे. जाऊबाईंना यातलं काहीच माहीत नाही. त्या मजेत आहेत. रक्तदाबाची गोळी आपल्याला चालू आहे.

यात शिकण्यासारखं एवढंच, की जाऊबाईंची आठवण येते ती क्षणभर. अर्धा तास ती चालवतो आपण.

हे ओळखून त्यावर काम करणाऱ्यांत एक हिशेबनीस होता, ही मला फार आवडलेली गोष्ट आहे. सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. पैचा फरक निघाला तर रात्र जागवणाऱ्या खात्याचे प्रमुख, आणि त्याच कार्यालयात लोकांना शिकवायचे विपश्यना. म्हणजे दिवसभर प्रत्येक नोंदीवर शेरा मारायचा आणि नंतर डोळे मिटून, शेरा न मारता नोंद घ्यायची. त्यांच्याकडे १९५५ साली मंडालेचा एक तरुण मारवाडी व्यापारी गेला, सत्यनारायण गोएंका. अर्धशिशीने तो इतका बेजार होता की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. डोकेदुखी जावी म्हणून आलोय, असं त्याने सांगितल्यावर ऊ बा खिन यांनी त्याला आधी नाहीच म्हटलं. नुसत्या डोकेदुखीसाठी ही विद्या नाही. मन स्वच्छ करायचं असेल तर ये, डोकेदुखी गेली तर ती वरकमाई. व्यापाऱ्याला समजेल असाच हा सौदा होता. १९६९ साली गोएंका भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं. कसारा घाट चढून गेलं की जिथे आपण पूर्वी फक्त वडापाव घ्यायला उतरायचो, तिथे आता जगभरची माणसं गप्प बसायला उतरतात.

दुसरा माणूस जॉन कबाट-झिन. एमआयटीतून रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट, आणि ध्यानाचा नाद. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये त्यांनी वर्ग सुरू केला, पुढे तो आठ आठवड्यांचा म्हणून रुळला. औषधोपचार करून थकलेले, दुखणं जुनं झालेले रुग्ण त्यांच्याकडे यायचे. दुखणं जाईल असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुखणं आणि दुखण्याबद्दलची कटकट या दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकवलं. गुडघा दुखतो, ही एक गोष्ट. "आता कसलं माझं काशी-रामेश्वर, आणि सुनेला मेला माझा गुडघा दिसतच नाही" ही दुसरी. पहिलीवर मलम मिळतं. दुसरीसाठी ते आठ आठवडे.

आता हे सगळं फिरून कोथरूडला येणार हे ओघाने आलंच. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी सकाळी सातला माइंडफुलनेसचा वर्ग भरतो. शिकवायला येते ती मानसशास्त्र शिकलेली तरतरीत मुलगी. तिचा संयम पाहून तिला मानधन वाढवून द्यावं असं माझं मत आहे, पण कमिटीचं तसं नाही.

या अभ्यासक्रमाची सुरुवात जगभर एका बेदाण्याने होते. कबाट-झिन यांच्या वर्गातला हा प्रसिद्ध पाठ. तिने प्रत्येकाच्या तळहातावर एकेक दाणा ठेवला आणि म्हणाली, "ही मनुका तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच बघताय असं समजा."

"हा बेदाणा आहे," बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले. "मनुका काळी असते. हा तासगावचा दिसतोय."

"काका, आत्ता फक्त बघायचं."

"बघूनच सांगतोय."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "धुतलाय ना गं?" कुणीतरी मागून "एकच?" असं म्हणालं. आज संकष्टी आहे, त्यामुळे बेदाणा चालेल पण वाटीत आधी काय होतं, अशीही चौकशी झाली. मग खरोखर बघणं सुरू झालं. सुरकुत्या बघा. उजेडात धरा, कडेला मधासारखा रंग दिसतो का बघा. बोटांत फिरवा. कानाशी नेऊन दाबा आणि ऐका. काकांनी खिशातून श्रवणयंत्र काढून लावलं, बेदाणा कानाशी धरला, बराच वेळ ऐकलं आणि जाहीर केलं, "काही येत नाहीये." शेवटी तो जिभेवर ठेवायचा, लगेच चावायचा नाही, आणि मग एकदाच सावकाश चावायचा. त्या क्षणाला क्लबहाऊसमध्ये पहिल्यांदा शांतता झाली. मूठमूठ बेदाणे घातलेला शिरा आयुष्यभर खाल्लेली ती मंडळी एका बेदाण्याच्या चवीने चकित झाली होती. आधी आंबट, मग गोड, मग दाताखाली येणारं बारीक देठ. सगळ्यांच्या भुवया वर गेल्या होत्या.

"बरा होता," काका म्हणाले. "पण पूर्वीसारखा माल येत नाही."

पुढच्या पाठात नदी होती. डोळे मिटायचे, वाहत्या नदीच्या काठी बसलोय अशी कल्पना करायची, पाण्यावरून पानं जातायत, मनात येईल तो विचार एकेका पानावर ठेवून सोडून द्यायचा. ही युक्ती परदेशातली आहे, हे त्यातल्या नदीवरून कळतं. "कुठली नदी घ्यायची?" असा प्रश्न आल्यावर ती मुलगी भाबडेपणाने म्हणाली, "कुठलीही. तुमच्या ओळखीची घ्या." सगळ्यांनी मुठा घेतली. दुसऱ्या मिनिटाला बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. एकीचं पान जलपर्णीत अडकलं ते पुढे सरकेचना, आणि त्यावर नेमका नणंदेचा विचार ठेवलेला होता. काकांचे विचार नदीसुधारणेच्या कामाकडे वळले. पुढच्या रविवारपासून मुलीने नदी बंद करून ढग आणले.

पण वर्गाचा कस लागला तो नाव देण्याच्या पाठाला. विचार आला, भावना आली, की मनातल्या मनात तिचं साधं नाव घ्यायचं. राग आला तर 'राग'. भीती आली तर 'भीती'. बास. वाद घालायचा नाही, पाठलाग करायचा नाही, पुन्हा श्वासावर यायचं. ब्रह्मदेशातल्या महासी सयाडो यांच्या परंपरेत अशी नोंद घेण्याला फार महत्त्व आहे, आणि आताचे मानसोपचारतज्ज्ञही ती युक्ती शिकवतात. नाव दिलं की माणूस रागाच्या आत न राहता जरा बाजूला उभा राहतो.

काकांना दुसऱ्याच क्षणी राग आला, कारण त्यांच्या पार्किंगमध्ये कुणीतरी लाल गाडी लावली होती आणि ती क्लबहाऊसच्या खिडकीतून दिसत होती.

"छान," मुलगी म्हणाली. "आता फक्त 'राग' म्हणा."

"'रास्त राग' म्हटलं तर चालेल का?"

"नुसतं 'राग', काका."

"पण चूक त्यांची आहे. जागेचा नंबर खांबावर लिहिलाय."

"चूक कुणाची ते आत्ता ठरवायचं नाही."

"मग कधी? सभा सप्टेंबरात आहे."

काका हट्टी नव्हते. त्यांनी या सगळ्या विद्येच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. श्वास बघता येतो, मांडी जमते, पहाटे उठताही येतं. निवाडा न करता बघणं, हे मात्र आपल्या रक्तात नाही. आपण पोह्यांना पहिल्या घासातच शेरा देतो. पाऊस पडला तर "पानशेतच्या वर्षीचा नाही हा" म्हणतो. स्मशानातून परतताना व्यवस्था कशी होती यावर बोलतो. पुणेकराला मत न देता बघायला सांगणं हा मानवी हक्काचा प्रश्न होऊ शकतो. आणि नको त्या विचारांचा त्रास तर सगळा या निवाड्यातच आहे. उदास वाटतं, हे अर्धं दुखणं. "माझं सगळं चांगलं चाललेलं असताना मला उदास वाटतंच कसं, लोकांना बघा कसली कसली दुःखं आहेत" ही त्यावरची स्वतःचीच टिप्पणी, हे उरलेलं अर्धं. मनाच्या न्यायालयात आपणच आरोपी, आपणच वकील, न्यायाधीशही आपणच, आणि तारखा संपत नाहीत.

शरीर निरखण्याच्या पाठात निवाड्याचा प्रश्न येत नाही. आडवं व्हायचं आणि डाव्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं. मुलीचा आवाज घोट्यापर्यंत येतो तोवर एक जण घोरू लागतो, गुडघ्यापर्यंत येतो तोवर तिघं. मूळ अभ्यासक्रमात हा पाठ सुमारे पाऊण तास चालतो. आमच्याकडे बरगड्यांच्या वर अजून फारसं कुणी जागं पोचलेलं नाही.

ध्यान करणाऱ्यांच्याही जाती आहेत. पहिली, इगतपुरीहून परत आलेल्यांची. आमच्या शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास ध्यान, अकराला जेवण, संध्याकाळी नव्या साधकाला चहा, फळ आणि चुरमुरे. फोन जमा करायचा. वाचन नाही, लेखन नाही, बोलणं नाही, दुसऱ्याच्या नजरेला नजरही द्यायची नाही. पहिले तीन दिवस नाकाखालून येणारा-जाणारा श्वास बघायचा, बास. नंतर तासभर हातपाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं आणि अंगावर उठणारी खाज उठते, टिकते आणि जाते हे बघायचं. सगळं राहणं-जेवण फुकट. आधीच्या साधकांच्या दानावर पुढच्यांची सोय होते, आणि शिबिर पुरं केल्याशिवाय दान घेतही नाहीत. आधी पैसे न घेणारी संस्था म्हटल्यावर आमच्या विंगमध्ये पहिले काही दिवस "काहीतरी असणार" एवढीच चर्चा होती.

गृहस्थ परत आले आणि मौनावर बोलू लागले. लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी. मौनाविषयी इतकं बोललं गेल्याचं मी तरी पूर्वी ऐकलं नव्हतं. त्यांच्या पत्नीला विचारलं, "वहिनी, फरक पडला का?" त्या म्हणाल्या, "दहा दिवस फार शांत गेले हो. पुन्हा कधी जाता येतं त्यांना?" राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजा मिळते. ती योग्यच आहे. त्यांच्या खिडकीपुढे तासन् तास उभं राहून, काहीही न बोलता, जे घडतंय ते समतेने बघण्याची साधना आपण इतकी वर्षं बिनरजेची करत आलोच आहोत.

दुसरी जात मोबाइलवाल्यांची. ॲप त्यांना सकाळी "आज तुम्ही शांत झालात का?" असं विचारतं आणि एक दिवस चुकला की सलग दिवसांचा आकडा शून्यावर आणून ठेवतं. आकडा जाऊ नये म्हणून ही मंडळी लग्नाच्या पंगतीत, विमानतळाच्या रांगेत, एकदा तर दशक्रिया विधीला घाटावरही कानात बोंड्या घालून बसलेली पाहिली आहेत. शांततेचा आकडा शेजाऱ्यापेक्षा कमी असल्याने त्यांना झोप लागत नाही.

तिसरी जात सर्वांत धोक्याची. हे ध्यानाला बसले की घरादाराने पाय न वाजवता चालायचं. कुकरची शिट्टी झाली की हे आतून ओरडतात, "मी इथे शांत बसलोय, कळत नाही का?" नातू दार ढकलून आत आला की समाधीतला माणूस उठून त्याच्या पाठीत धपाटा घालतो आणि परत डोळे मिटतो. कुकरची शिट्टी हा ध्यानातला व्यत्यय नव्हे. 'आवाज' म्हणायचं आणि श्वासावर परत यायचं, हेच ध्यान. पण हे त्यांना सांगायला आत कोण जाणार?

मग या सगळ्याचा उपयोग होतो का? मला उत्तर मिळालं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो आणि एखाद्या रविवारी येत नाही. न आलेल्या रविवारी काकूंच्या मनात तिथे बर्फ पडतो, रस्ता निसरडा होतो, गाडी घसरते, दवाखान्यात मराठी बोलणारं कुणी नसतं. तासाभराने फोन येतो. तो झोपलेला असतो. मधल्या काळात काकूंचा उपमा करपलेला असतो.

वर्ग संपताना मुलीने विचारलं, "काही फरक जाणवतोय का काकू?"

काकू म्हणाल्या, "काळजी गेली नाही गं. येते. पण पूर्वी ती आली की मी तिच्याबरोबर न्यू जर्सीला जाऊन यायचे. आता 'काळजी' म्हणते आणि गॅस बारीक करते."

काका म्हणाले, "म्हणजे तिकिटाचे पैसे वाचले." सगळे हसले. पण कबाट-झिन यांच्या जाड्या पुस्तकाचा मथितार्थ याहून सोप्या शब्दांत मला कुणी सांगितलेला नाही.

विद्यापीठांनी काढलेले निष्कर्षही काकूंपासून फार दूर नाहीत. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघांनी ध्यान आणि मानसोपचार एकत्र करून आठ आठवड्यांचा एक वर्ग बांधला. नैराश्य पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या लोकांत ते उलटणं त्याने कमी होतं, असं दिसून आलं आहे. अमेरिकेत चिंताविकार असलेल्या २७६ जणांवरचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. काहींना कबाट-झिन यांचा आठ आठवड्यांचा वर्ग, बाकीच्यांना एस्सिटॅलोप्रॅम ही नेहमीची गोळी. दोन्हीकडे चिंता जवळपास सारखीच उतरली. पण याचा अर्थ डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करून बेदाणा चालू करायचा, असा नाही. काहींना डोळे मिटून बसल्यावर जुन्या आघाताच्या आठवणी अंगावर येतात आणि त्रास वाढतो. त्यांनी एकट्याने दामटून बसू नये. जीव नकोसा होण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर मांडी घालायची ही वेळ नव्हे. डॉक्टरांकडे जायचं किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करायचा. तो फुकट आहे, आणि या वेळी त्यात "काहीतरी असणार" नाही.

बाकी आपल्यासारख्या, आहेराच्या पाकिटांवर आणि पातळ चहावर रक्तदाब वाढवणाऱ्या जनतेला ही विद्या झेपण्यासारखी आहे. मांडी घालवत नसेल तर खुर्चीत बसा. जागा लागत नाही, पैसे लागत नाहीत, कुकर बंद करावा लागत नाही. मन शांत होईल म्हणून मात्र बसू नका, ते दर वेळी होत नाही. जाऊबाई येतील. 'राग' म्हणा, 'रास्त' म्हणू नका, आणि श्वासावर या. त्या परत येतील, तुम्हीही परत या. रोज थोडा वेळ, आठ आठवडे एवढं करा. आणि काय मत द्यायचं असेल ते त्यानंतर द्या.